लाल दोऱ्याच्या जोड्या

मिग्दालिया आत्या सकाळी सात वाजता दारात उभी राहिली तेव्हा तिच्या खांद्यावर हिरव्या केळ्यांचा घड होता आणि काखेत वर्तमानपत्र. केळी तिने तान्ह्या बाळाला निजवावं तशी हळूच ठेवली. वर्तमानपत्र पपाच्या कॉफीशेजारी आपटलं.

"हे खरं आहे का, एलिउत?"

खेळाच्या पानावर अर्धं पान भरून पपाचा फोटो होता. प्लाया ओंदाच्या बास्केटबॉल संघाला पुढच्या हंगामासाठी एलिउत फेलिसियानो हवा आहे, अशी बातमी. फोटो आमच्या सेरो आल्तोच्याच सामन्यातला, नऊ नंबरचा, पण पेपरातल्या कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून निळी जर्सी लाल करून टाकली होती.

"तुला लाल केलंय त्यांनी," आत्या म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाला. लाल!"

पपाने गुडघ्यावरची बर्फाची पिशवी जरा सरकवली. "आज चार वाजेपर्यंत कळवायचंय त्यांना."

"नाही म्हणायला चार कशाला वाजायला हवेत? आत्ता सात वाजून पाच मिनिटं झालीत. लाव फोन."

पपाने फोन लावला नाही. आत्याने भुवया वर केल्या, आईने मान खाली घातली, आणि आजचे पास्तेलेस काही सुखासुखी होणार नाहीत हे मला कळून चुकलं.

डिसेंबरचा दुसरा शनिवार आमच्याकडे पास्तेलेसचा. आजीच्या अंगणात आंब्याखाली लांब टेबल लागतं आणि संध्याकाळपर्यंत एकशेवीस नग व्हावे लागतात, म्हणजे साठ जोड्या, कारण पास्तेल एकटा कोणी बांधत नाही, दोघांना समोरासमोर ठेवून दोऱ्याने जखडायचं असतं. टेबलावर ज्याची त्याची जागा ठरलेली. आजी केळी आणि अळकुड्या किसून पीठ कालवते. आत्या शेकलेल्या केळीच्या पानावर केशरी तेल फासून पीठ थापते. आई त्यावर डुकराच्या मटणाचं सारण घालते, काबुली चणे आणि बेदाणे मोजून टाकते. पपा ते पान कागदात गुंडाळून घड्या घालतो. आजोबा टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसून गाठी मारतात. मी आजपर्यंत फक्त पानं शेकणारी होते, चुलीपाशी, धुरात, एकटी. पण यंदा आजोबांची बोटं सुजली होती आणि मला त्यांच्या शेजारी दोरा बांधायला बढती मिळाली होती.

ही माझी या वर्षातली दुसरी बढती. पहिली ऑक्टोबरमध्ये मिळाली, शाळेच्या संघात, पॉइंट गार्ड म्हणून. आमच्या कोच बाई म्हणाल्या, "अनाईस, तुझे हात फेलिसियानोंचे आहेत. आवाज कुणाचा आणलायस, मांजराचा?" पॉइंट गार्डने ओरडायला हवं. तू इकडे ये, तू तिकडे जा, मागे बघ, वाट अडवलीय! पंधरा वर्षं मी वर्गात हजेरीलाही हळू 'येस' म्हणणारी मुलगी, आणि मला चौघींना ओरडून नाचवायचं होतं. पहिले दोन सामने मी घशाला कुलूप लावून खेळले. तिसऱ्यात ओरडले. आणि काय सांगू, तेव्हापासून थांबताच येत नाही! घरचे म्हणतात, पोरीने माइक गिळलाय.

"पानं संपली!" मी ओरडले.

"अगं समोरच आहे मी," आई म्हणाली.

सकाळ तशी शांततेत गेली, म्हणजे आत्या दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघत होती आणि पपा बघत नव्हता.

आमच्या घरात लाल रंग नाही. कप नाहीत, चादरी नाहीत, ख्रिसमसच्या माळेतले लाल दिवे आत्या एकेक करून काढून टाकते. सगळ्या बेटावर नाताळात लाल पानांच्या कुंड्या लागतात, आमच्याकडे पांढऱ्या. कारण एकोणीसशे एकोणऐंशीच्या अंतिम फेरीचा सातवा, शेवटचा सामना, त्यातले शेवटचे सहा सेकंद. सेरो आल्तो एका गुणाने पुढे, चेंडू आजोबांच्या हातात, आणि प्लाया ओंदाच्या मोंचिनने आजोबांची जर्सी मागून ओढली. चेंडू सुटला, मोंचिन पळाला, टोपली झाली. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. आमच्या कोर्टाच्या भिंतीवर ते चित्र आहे: आजोबा, नऊ नंबर, आणि त्यांच्या कमरेवर तो लाल मनगटपट्टीचा हात. बालवाडीतली मुलंही त्या हाताला जीभ दाखवून पुढे जातात. तेव्हापासून आजोबा प्लाया ओंदातून जात नाहीत. राजधानीचा रस्ता तिथून जातो, म्हणून आम्ही डोंगराला वळसा घालून जातो, चाळीस मिनिटं जास्त. आत्याचा जन्म त्या वळशावरच व्हायचा, थोडक्यात हुकला. हे ती अभिमानाने सांगते.

आणि आता पपाची सतरा वर्षं. सतरा हंगाम निळ्यात, त्याच नंबराने, दोन विजेतेपदं, एक मोडलेलं नाक, दोनदा कापलेला उजवा गुडघा. क्लबने गेल्या महिन्यात प्रेमाने बोलावलं, केक कापला, आणि सांगितलं की हंगामाच्या पहिल्या दिवशी नऊ नंबरची जर्सी सन्मानाने कोर्टाच्या छताला टांगायची, म्हणजे तो नंबर पुन्हा कोणी घालायचा नाही, आणि खाली आजोबांचं नि पपाचं अशी दोन्ही नावं, चागो आणि एलिउत. नंतर पपाने प्रशिक्षकाच्या शेजारी बसावं. खेळायचं मात्र नाही. तिकडे प्लाया ओंदा म्हणत होती, एक वर्ष खेळ. आमचा पोरगा पहिला खेळेल, एकोणीस वर्षांचा हादिएल, तू त्याच्या मागे. सामन्याला दहा मिनिटं मिळतील, आणि त्याला शिकव.

छत की दहा मिनिटं. एवढंच ठरवायचं होतं, आणि चार वाजेपर्यंत.

"त्या पोराच्या मागे बाकावर बसणार तू?" आत्याने पानावर पीठ असं थापलं की आईच्या चष्म्यावर उडालं. "लाल कपड्यात? आणि आपल्या कोर्टावर सामना असेल तेव्हा? मी कुठे बसू? सतरा वर्षं मी बाकाच्या मागे तिसऱ्या रांगेत बसतेय, माझ्या नावाची खुर्ची आहे तिथे!"

"खुर्चीवर तुझं नाव तूच लिहिलंयस," पपा म्हणाला.

"पक्क्या रंगाने लिहिलंय!"

"मिग्दाचं बरोबर आहे," आई म्हणाली.

आई आत्याच्या बाजूने बोलली! आजीची किसणी थांबली. या दोघी मीठ किती घालायचं यावरसुद्धा आजवर एकमत झालेल्या नाहीत.

आता आईचं सांगते, कारण तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. ती शाळेत गणित शिकवते आणि तिच्या डोक्यात सगळं आकड्यांत असतं. सतरा हंगाम, म्हणजे आमच्या वाढदिवसांपैकी अर्धे पपा बसमध्ये. सकाळी जिना उतरताना त्याचा गुडघा किती पायऱ्यांवर वाजतो हे तिला माहीत आहे (सहा, तेरापैकी). ती त्या वाजण्याला भीत होती. लाल-निळ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, ती बायामोनची, तिच्या माहेरी बेसबॉल बघतात.

"टांगू दे त्यांना जर्सी," ती म्हणाली. "छान फोटो काढू. मी केस करून येईन."

"आणि मग?" पपाने विचारलं.

"मग घरी ये."

"मी घरी असतो तेव्हा तू म्हणतेस जा बाहेर."

"कारण तू मसाल्यांच्या डब्यांना जागा नेमून देतोस! परवा मला म्हणाला, इवेलिस, जिरं डाव्या कोपऱ्यात असेल तर मिरीला रस्ता मोकळा होतो."

"होतो की नाही?"

"होतो," आई म्हणाली, आणि हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

"पपाने खेळावं," मी म्हटलं.

"तुला कोणी विचारलं?" आत्या.

"कोणीच नाही. पण मला माझं मत आहे. माझं मत मोठं आहे."

"ऐकू आलं ते. डोंगरापलीकडेही ऐकू गेलं असेल."

पपाने हातातली घडी अर्धवट सोडली. त्याची बोटं एरवी घडी घालताना बघायला मजा येते. तो बघतच नाही, नजर दुसरीकडे आणि कागद आपोआप मुडपत जातो. पण आज तो कागदाकडेच बघत होता.

"मला अजून दिसतं, इवेलिस," तो म्हणाला.

त्याने कागद बाजूला सारला.

"पाय आता पूर्वीचे नाहीत, मला माहीत आहे. उडी तर विचारूच नका. पण मला दिसतं. कोण कुठे जाणार आहे ते त्याच्या आधी मला दिसतं. पूर्वी नव्हतं एवढं दिसत. वीस वर्षांचा होतो तेव्हा नुसता पळायचो. आता सगळं हळू होतं आणि मोकळी जागा अशी... उघडते. दार उघडावं तशी. ते दिसायचं थांबलं की मी थांबेन, शपथ. पण दिसत असताना छताला टांगून घ्यायचं?" त्याने आजोबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना. सकाळपासून गप्प आहात."

मला दिसलं ते सांगते: पपाला आत्याची परवानगी नको होती. आईची हवी होती, पण ती मिळेल हे त्याला ठाऊक होतं. तो सकाळपासून एकाच माणसाकडे पास मागत होता आणि तो माणूस दोऱ्याचं रीळ सोडवत बसला होता.

आजोबा म्हणाले, "गाठ सैल आहे, अनाईस. उकळत्या पाण्यात सुटेल."

"बाबा."

"काय बोलू? तुझं खेळणं, तू बघ."

"तो हादिएल म्हणे फार वेगवान आहे," पपा म्हणाला, उगाच, बोलणं चालू ठेवायला. "उजवीकडून कोणाच्या हाती लागत नाही."

"उजवीकडूनच," आजोबा पुटपुटले. "डावा हातच नाही त्या पोराला. खांदा आधी पडतो, मग चेंडू. आंधळ्यालाही कळेल."

आणि पुन्हा दोरा ओढायला लागले.

प्लाया ओंदाचा सामना लागला की आमच्याकडे टीव्ही बंद होतो. आत्या स्वतः बंद करते, रिमोट तिच्या पर्समध्ये असतो. मग त्या पोराचा खांदा आधी पडतो हे आजोबांनी पाहिलं कुठे? मी विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी खिशातून दुसरं रीळ काढलं. छोटंसं. आणि शेवटच्या सहा जोड्या, ज्या त्यांनी आईकडून "बिन बेदाण्याच्या" करून घेतल्या होत्या, त्या स्वतः, सुजलेल्या बोटांनी, बांधायला घेतल्या.

दोरा लाल होता.

आमच्या घरात! लाल!

आता इथे गप्प बसायला हवं होतं. ऑक्टोबरपूर्वीची अनाईस बसली असती.

"आजोबा, हा दोरा लाल कसा?"

आत्याची मान फिरली. घुबडाची फिरते तशी.

"खूण आहे," आजोबा म्हणाले. "बिन बेदाण्याचे वेगळे ओळखू यावेत म्हणून."

"पण आपल्यात बेदाणे सगळेच खातात."

"फादरसाठी आहेत. चर्चमध्ये."

"फादर तर बेदाणे वेचून खातात," आत्या म्हणाली. "मागच्या वर्षी माझ्या ताटातले घेतले. बाबा, हा दोरा आला कुठून?"

"दुकानातून. कुठून येतो दोरा?"

"दर वर्षी सहा जोड्या कमी भरतात," आजी म्हणाली. किसणी तिने बाजूला ठेवली होती आणि हात एप्रनला पुसत होती, एकेक बोट, सावकाश. "एकोणीस वर्षं झाली, चागो. मी साठ मोजते, फ्रीजरमध्ये चोपन्न जातात. बोल आता. पोरीने विचारलंय."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटायचं तिकडे तुझी कोणी बाई आहे, जिला बेदाणे आवडत नाहीत."

आईच्या हातातला डाव सारणात पडला. "आणि तुम्ही काही बोलला नाहीत, आई?"

"सहा जोड्यांवर भागत असेल तर भागू दे म्हटलं," आजी म्हणाली.

आजोबांचा चेहरा! त्यांना हसूही येत होतं आणि पळूनही जायचं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, टेबलाच्या टोकाला, सगळ्या वाटा बंद. मग त्यांनी लाल दोऱ्याची गाठ पक्की ओढली आणि म्हणाले,

"मोंचिनसाठी आहेत."

आत्या खाली बसली. खुर्ची नव्हती, केळ्यांच्या सालांच्या टोपलीवर बसली.

"कोण मोंचिन?" तिने विचारलं, जणू बेटावर पन्नास मोंचिन असतील आणि यातला एखादा निरुपद्रवी निघेल.

"तोच. त्याची बायको गेली त्या डिसेंबरला मी पहिल्यांदा गेलो होतो. हात हलवत कसं जायचं, म्हणून एक डझन पास्तेलेस घेऊन गेलो. दारातच त्याला म्हटलं, मोंचिन, मला तुझी माफी मागायची आहे. तो म्हणाला, यात बेदाणे आहेत का?"

"तुम्ही माफी मागितली?" आत्या किंचाळली. "त्याने मागायची! त्याने जर्सी ओढली!"

"नाही ओढली, मिग्दा."

पपा उभा राहिला. दुखऱ्या गुडघ्यावर, एकदम.

"हात होता त्याचा कमरेवर, सगळ्यांचे असतात, तसा," आजोबा म्हणाले. ते आता टेबलाशी बोलत होते. "ओढलं कोणी नाही. सहा सेकंद होते. चेंडू नुसता धरून ठेवला असता तरी जिंकलो असतो. पण तेवढ्यात माझी नजर वर गेली. प्रेक्षकांत तुझी आई, प्रोवि, उभी राहिली होती, दोन्ही हात पोटावर. तू होतीस ना पोटात. मला वाटलं, काहीतरी झालं. आणि हात आपोआप चालले. आमच्या संघातला तोन्यो उजव्या कोपऱ्यात असायला हवा होता, तिथे मी पास दिला. न बघता. सगळे म्हणायचे ना, चागो न बघता पास देतो? मी प्रत्येक वेळी आधी बघून ठेवलेलं असायचं. त्या एकाच वेळी खरंच बघितलं नव्हतं. तोन्यो तिथे नव्हता. मोंचिन होता."

आजी म्हणाली, "मी उभी राहिले म्हणून?"

"हो."

"अरे, मी उभी राहिले ती पुढच्या बाईचा अंबाडा आडवा येत होता म्हणून! हा एवढा उंच अंबाडा. मला तू दिसत नव्हतास."

मग पपाच्या नाकातून एक आवाज आला, त्या मोडलेल्या नाकातून, शिट्टीसारखा, आणि आई डाव शोधायचं निमित्त करून पातेल्यात तोंड घालून हसायला लागली.

आत्या हसत नव्हती. तिच्याही मनातलं सांगायला हवं. तिच्या जन्माआधीच तिला एक गोष्ट मिळाली होती. इतर मुलांना परी मिळते, राजकन्या मिळते, तिला लाल मनगटपट्टीचा हात मिळाला. त्या हातावर ती वाढली. शाळेत त्यावर भांडली, एक लग्न मोडलं (मुलाचा मामा प्लाया ओंदाचा निघाला), दिव्यांच्या माळा सोलल्या. आणि आता कळत होतं की तो हात नव्हताच, एक अंबाडा होता.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज लहान होता, माझ्या जुन्या आवाजासारखा.

"दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. महापौर घरी आले. म्हणाले, चागो, तुझ्यावर अन्याय झाला. बाहेर लोक रडत होते. मी हो म्हटलं नाही, फक्त नाही म्हटलं नाही. मग भिंतीवर चित्र झालं. चित्राला कसं सांगायचं, मिग्दा?"

"आणि तो वळसा? आई कळा देत होती आणि तुम्ही चाळीस मिनिटं जास्त..."

"ड्रायव्हर आपल्याच गावचा होता. आरशात बघून म्हणाला, कुठल्या रस्त्याने, चॅम्पियन? काय सांगणार होतो?"

"सांगायचंस," आजी म्हणाली, "की मागे एक बाई मरायला टेकली आहे, जवळच्या रस्त्याने चल! या वळशाचं मी तुला आज रात्री विचारते. बाईबिईची गोष्ट सोडून दे, वळशाचं विचारते."

"आणि मोंचिन?" पपाने विचारलं. "तो इतकी वर्षं गप्प बसला?"

"त्याला म्हटलं मी, तू सांगून टाक सगळ्यांना. तर म्हणाला, चागो, माझ्या गावात मी चोर म्हणून नाही, जिंकणारा म्हणून राहतो. तुझ्या गावात तू हरणारा म्हणून राहिला असतास. मला बोलून काय मिळणार?" आजोबांनी रीळ गुंडाळलं. "हादिएल त्याचा नातू. आम्ही डोमिनो खेळतो आणि तो मागच्या अंगणात टोपलीत चेंडू टाकत असतो. मी एक शब्द बोलत नाही त्याला. बोललो तर वाटतं आमच्या भिंतीवरचं चित्र ओरडेल. पण डावा हात नाही रे त्याला. बघवत नाही."

मग त्यांनी मान वर केली आणि सरळ पपाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"मला त्या मोसमानंतर दोनच वर्षं मिळाली, एलिउत. तेव्हा मलाही तुझ्यासारखं दिसायला लागलं होतं. पण कोणी बोलावलं नाही. तुला बोलावलंय."

पास आला होता. उशिरा, पण अगदी हातात.

पपाने आईकडे बघितलं. आई चष्मा पुसत होती, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"दहा मिनिटं म्हणालेत ना सामन्याला?" ती म्हणाली. "अकरावं मिनिट झालं तर मी कोर्टात येईन. सगळ्यांसमोर. केस न करता."

"आणि डबे?"

"डब्यांना हात लावायचा नाही."

चारला सतरा मिनिटं होती तेव्हा पपाने फोन लावला, आंब्याच्या पलीकडे जाऊन. आम्हाला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि हात, जो बोलताना हवेत जागा दाखवत होता. मग त्याने दुसरा फोन केला, आमच्या क्लबला. परत आला तेव्हा म्हणाला, "जर्सी टांगायची ती पुढच्या वर्षी टांगा म्हटलं. नाहीतर खालीच राहू दे, कोणाला तरी लागेल." आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. न बघता!

मी ओरडले. यावेळी कोणी काही म्हणालं नाही.

आत्या अजून टोपलीवरच होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती उठली, स्कर्टवरची सालं झटकली, घाणेरड्या वस्तूला उचलावं तशी चिमटीने एक लाल जोडी उचलली, वास घेतला.

"बेदाण्याशिवाय पास्तेल," ती म्हणाली. "माणूस वाईटच आहे. चला, मला बघायचाय."

गाडीत मी मागे मध्ये, मांडीवर सहा जोड्या. आजी एका बाजूला, आत्या दुसऱ्या. आई पुढे पपाच्या शेजारी बसणार होती, पण आजोबांना पुढे बसवलं, वाट दाखवायला, आणि ती मागे आमच्यातच दाटीवाटीने बसली. डोंगर उतरल्यावर दोन रस्ते फुटतात. पपाने गाडी हळू केली, आरशात बघितलं आणि म्हणाला, "कुठल्या रस्त्याने, चॅम्पियन?"

"गप बस आणि जवळच्या रस्त्याने चल," आजोबा म्हणाले.

पंचवीस मिनिटं. आत्या पूर्ण वेळ घड्याळ बघत होती. "पंचवीस," ती गाडीतून उतरताना म्हणाली. "फक्त पंचवीस मिनिटं. अख्खं आयुष्य मी त्या वळशावर उलट्या केल्यात."

मोंचिन फाटकात आला तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. भिंतीवरचा हात केवढा मोठा, आणि हा माणूस आजीच्या खांद्याएवढा, पायात सपाता, कानात ऐकायचं यंत्र. त्याने आजोबांकडे बघितलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे, मग माझ्या हातातल्या जोड्यांकडे.

"आज तेवीस तारीख नाही, पास्तेलेस तर तू तेवीसला आणतोस," तो म्हणाला.

"सांगून टाकलं," आजोबा म्हणाले.

"सगळं?"

"अंबाड्यासकट."

"कसला अंबाडा?"

"बस, सांगतो."

मागच्या अंगणातून चेंडूचा आवाज येत होता. पपा तिकडे गेलाच होता, मी त्याच्या मागे. हादिएल लांबलचक, कान मोठे, पपाला बघून त्याचा चेंडू हातातून निसटला. "डॉन एलिउत," तो म्हणाला, आमच्याकडे मोठ्यांना आदराने म्हणतात तसं, आणि लाजला. एकोणीस वर्षांचा, संघातला पहिला पॉइंट गार्ड! मला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली, ऑक्टोबरपूर्वीची.

"उजवा हात दे," पपा म्हणाला. "अनाईस, दोरा."

मला माहीत होतं कशाला. आमच्या घरात सगळ्यांचं असंच झालंय. आजोबांनी पपाचा उजवा हात पास्तेलच्या दोऱ्याने कमरपट्ट्याला बांधला होता, तो आठ वर्षांचा असताना, आणि संपूर्ण उन्हाळा डाव्या हाताने ड्रिबल करायला लावलं होतं. पपाने माझा बांधला होता. डाव्यानेच दात घासायचे, डाव्यानेच जेवायचं. मी जोड्यांबरोबर आणलेलं रीळ दिलं. या खेपेला दोरा लाल होता, एवढाच फरक.

पपा गाठ मारायला लागला तर मागून सुजलेली बोटं आली. "सैल मारतोस तू," आजोबा म्हणाले, "सरक." आणि डोमिनोचं टेबल सोडून त्यांनी स्वतः त्या पोराचा हात बांधला, घट्ट, उकळत्या पाण्यातही सुटणार नाही असा.

हादिएलने डाव्या हाताने चेंडू टाकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्या पायावर आपटला, अंगण ओलांडून गडगडत गेला आणि मिग्दालिया आत्याच्या निळ्या चपलांपाशी थांबला.

तिने चेंडू उचलला. मोंचिनच्या हातात डोमिनोची सोंगटी तशीच राहिली. आत्याने त्या पोराला पायापासून कानापर्यंत बघितलं, त्याची लाल बनियन, त्याचा बांधलेला हात. मला वाटलं, आता ही चेंडू भिंतीपलीकडे फेकते.

"अरे, मान वर!" ती गरजली, आणि चेंडू त्याच्या छातीवर मारला, अगदी सरळ. "चेंडूकडे काय बघतोस, तो काय पळून जाणार आहे? समोर बघ! पुन्हा!"